डोक्यावरचे थर



मी कवितेचा माणूस. गणिताशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर संपला आणि बी.ए. करताना तो संपल्याचे मला कधी वाईटही वाटले नाही. त्यामुळे उष्णता थराथरांतून कशी वाहते आणि संगणक तिचा हिशोब कसा मांडतो, या विषयावर मी बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या घरात हसाहस झाली. पण हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. तो माझ्याच घराच्या छतातून खाली उतरला.

आमचे गाव बिलोली. नांदेड जिल्ह्याचे हे पूर्वेकडचे टोक. मांजरा ओलांडली की तेलंगण सुरू होते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही इकडे बातमी नसते. माझे लहानपण माळवदाच्या घरात गेले. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर पाल्याचा किंवा तुराट्यांचा थर आणि सर्वांत वर पांढरीची माती. गावाची जमीन दोन प्रकारची, शेताची काळी आणि वस्तीची पांढरी. छतासाठी नेहमी पांढरीच लागे. ती चोपून चोपून बसवायची, पावसाळ्याआधी पुन्हा डागडुजी करायची. दर वर्षी थोडी माती वर पडायची आणि छत दर वर्षी थोडे जाड व्हायचे. कुठे फूटभर, कुठे दोन फूट.

त्या छताखाली भर दुपारी गारवा असायचा. सवण्यातून, म्हणजे छताला ठेवलेल्या झरोक्यातून, उन्हाचा एक खांब तेवढा खाली उतरायचा. आमच्या गावातल्या जुन्या दगडी मशिदीतही असेच. जोहरच्या नमाजाला बाहेरून तळपाय भाजत आत यावे आणि आतल्या फरशीवर पाय ठेवताच जीव थंड व्हावा.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. अधिकृत आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे ओझे, या दोहोंखाली माणसे झोपेतच गाडली गेली. बिलोली तिथून लांब. आमच्या भिंतींना काही झाले नाही, पण मनाला तडा गेला. त्यानंतर कित्येक महिने मराठवाड्यातली माणसे अंगणात झोपली. ज्या माळवदाला आपण सावली म्हणत होतो, त्याच्याकडे लोक आता दबा धरून बसलेल्या जनावरासारखे पाहू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात अब्बांनी माळवद उतरवले आणि स्लॅब टाकला. घर पक्के झाले. भीती गेली. आणि पहिल्याच मे महिन्यात अम्मी म्हणाली, ''दिन भर सूरज, रात भर छत.''

दिवसभर सूर्य भाजतो आणि रात्रभर छत भाजते. मला ती तक्रार वाटली. आम्ही पुरुष गच्चीवर किंवा ओट्यावर झोपायचो. बायकांना ती सोय नव्हती. अम्मी, माझी पत्नी, मुली त्या खोलीतच झोपायच्या. रात्री दहाला छताच्या खालच्या बाजूला हात लावला तर तवा नुकताच चुलीवरून उतरवल्यासारखा लागे. २०१८ आणि २०१९ साली रमजान मे महिन्यात आला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि रात्री झोप नाही, अशा अवस्थेत घरातल्या बायका सहरीला उठायच्या, नव्हे, उठण्यासाठी आधी झोपलेल्याच नसायच्या.

त्याच दिवसांत माझा भाचा सुट्टीत आला. नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होता. मी त्याला सहज विचारले, ''बाबा रे, सूर्य सातला मावळतो. मग हे छत दहाला कशाने तापते?'' तो म्हणाला, ''मामू, ते दुपारचेच ऊन आहे. खाली यायला त्याला वेळ लागतो. किती वेळ लागतो ते काढून दाखवतो.'' आणि त्याने लॅपटॉप उघडला.

त्याने जे केले ते मला समजले, म्हणून तुम्हालाही समजेल. छताच्या पाच इंच जाडीच्या त्याने मनातल्या मनात दहा चकत्या कापल्या, वड्या पाडतो तशा. प्रत्येक चकतीला एक तापमान दिले. मग एकच नियम लावला. प्रत्येक चकती आपल्या वरच्या आणि खालच्या शेजारणीकडे पाहते. शेजारीण जास्त तापलेली असेल तर तिच्याकडून उष्णता घेते, कमी तापलेली असेल तर तिला देते. किती द्यायची-घ्यायची हे तीन गोष्टी ठरवतात. दोघींच्या तापमानात फरक किती, तो पदार्थ उष्णतेला किती सहज वाट देतो, आणि एक अंशाने तापायला त्याला किती उष्णता लागते. एका मिनिटानंतर प्रत्येक चकतीचे नवे तापमान काढायचे. मग पुढचे मिनिट. दिवसाची १,४४० मिनिटे आणि दहा चकत्या, म्हणजे एका दिवसाच्या चौदा हजार चारशे बेरजा-वजाबाक्या. माणूस वेडा होईल. संगणकाला डोळ्याचे पाते लवते तेवढाही वेळ लागत नाही.

यात गमतीची गोष्ट अशी की, घाई केली तर हिशोब पिसाळतो. एका मिनिटाऐवजी पाच-पाच मिनिटांच्या उड्या घेतल्या तर याच दहा चकत्यांचे आकडे वरखाली उसळू लागतात आणि थोड्या वेळात छताचे तापमान हजारो अंश दाखवतात. ही अडचण दूर करणारी एक प्रसिद्ध रीत १९४७ साली जॉन क्रँक आणि फिलिस निकल्सन या दोन इंग्रज गणितींनी सांगितली. आजही ती त्यांच्याच नावाने चालते. या सगळ्याच्या मुळाशी जे समीकरण आहे ते मात्र दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. जोसेफ फूरिए नावाच्या फ्रेंच माणसाचे. हा नेपोलियनबरोबर १७९८च्या मोहिमेत इजिप्तला गेला होता. पुढे जिल्ह्याचा कारभार सांभाळत त्याने उष्णतेचा अभ्यास केला आणि १८२२ साली त्यावर ग्रंथ छापला. संगणकाने नवे तत्त्व काही शोधले नाही. फूरिएच्या नियमाने न कंटाळता मोजत राहणे, एवढेच तो करतो.

तर त्या हिशोबात काय निघाले? उष्णता पदार्थातून लाटेसारखी उतरते. उतरताना ती उशिरा पोचते आणि दुबळी होते. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून ही लाट खाली यायला साधारण साडेतीन तास लागतात. वरचे छत दीड-दोनला सर्वांत जास्त तापते, तर खालची बाजू पाच-साडेपाचला. ती लाटही फारशी दुबळी झालेली नसते आणि साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत ओतत राहते. अम्मीचे वाक्य संगणकाच्या पडद्यावर आलेखाच्या रेषेने लिहून आले होते. ती तक्रार नव्हती, ते मोजमाप होते.

मग मी म्हणालो, आता आपले जुने माळवद घाल. त्याने फूटभर मातीचा हिशोब लावला. लाटेला खाली यायला जवळजवळ दहा तास. आणि पोचते तेव्हा तिचा दहावा हिस्साही उरलेला नसतो. वर दिवस-रात्रीत ३५ अंशांचा चढ-उतार असेल तर खाली जेमतेम तीन अंशांचा. म्हणजे दुपारचे ऊन आमच्या डोक्यावर मध्यरात्री पोचायचे, तेही दमून, पाय ओढत. आमच्या आजोबांना समीकरण ठाऊक नव्हते, पण माती किती घालायची ते ठाऊक होते. पेवातले धान्य का टिकते, खोल विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट का लागते, याचेही उत्तर तेच. दिवसाची लाट जमिनीत हातभर जाता जाता मरते, वर्षाची लाट काही मीटरपर्यंत जाते.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग माळवदच बरे होते. माझ्याही तोंडात ते वाक्य आले होते. भाच्याने मग दुसरा हिशोब मांडला. फूटभर मातीचे वजन दर चौरस मीटरला पावणेपाचशे किलोच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन. दोन फूट माती असेल तर नऊ टन. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. जितके ओझे जास्त, तितका हिसका मोठा. स्लॅबही हलका नसतो, त्याच खोलीवर तोही तीन टनांच्या घरात जातो. पण सळ्यांनी तो एकजीव केलेला असतो आणि नीट बांधलेल्या घरात खांबांना, भिंतींना जखडलेला असतो. मातीला कोणी जखडत नाही. आम्ही गप्प बसलो. थंडावा देणारा आणि जीव घेणारा थर एकच होता.

मराठवाड्याचा पेच इथे आहे, श्रोतेहो. माळवद उतरले. ज्याला जमले त्याने स्लॅब टाकला, ज्याला नाही जमले त्याने पत्रे टाकले. पत्र्याला तर जाडीच नाही. ऊन आले की त्याच क्षणी खाली. जुना, गंजलेला पत्रा मे महिन्याच्या दुपारी साठ-सत्तर अंशांपर्यंत जातो आणि त्याखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जणू निखाऱ्यांची परात धरलेली असते. भूकंप वर्षानुवर्षांत एकदा येतो. उन्हाळा दर वर्षी येतो. आणि उन्हाळाही माणसे मारतो, फक्त ढिगारा दिसत नाही. मे २०१०मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. नंतर अभ्यासकांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले.

पांढरी करून काय होते? इथे भाच्याच्या हिशोबातली एक चूक आम्हाला फार शिकवून गेली. त्याने छताच्या वर आणि खाली तापमापक लावले आणि संगणकाचे आकडे ताडून पाहिले. दिवसाचे आकडे बऱ्यापैकी जुळले, रात्रीचे जुळेनात. हिशोब म्हणत होता की छताचा वरचा पृष्ठभाग पहाटे हवेइतका थंड होईल, त्याहून जास्त नाही. तापमापक म्हणत होता की तो हवेपेक्षाही थंड आहे. दोन दिवस डोके खाजवल्यावर त्याच्या लक्षात आले, तो आकाश विसरला होता.

उघड्यावरची वस्तू फक्त हवेशी देवाणघेवाण करत नाही. ती आकाशालाही उष्णता देते. निरभ्र रात्री आकाश हे फार मोठे, फार थंड छत असते आणि खालची प्रत्येक वस्तू त्याच्याकडे आपली उष्णता फेकत असते. दव पडते ते यामुळेच. गवताचे पाते हवेपेक्षा थंड होते, म्हणून त्यावर पाणी धरते. पूर्वी उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी भरून, खाली गवत पसरून बर्फ करत असत. खालच्या गवतामुळे जमिनीची ऊब वर येत नसे आणि वरचे आकाश पाण्याची उष्णता ओढून घेई. हवा गोठणबिंदूच्या थोडी वर असतानाही बर्फ धरे. बंद खोलीतल्या वस्तूचा हिशोब सोपा असतो. उघड्यावरच्या वस्तूला ऊन, वारा, पाऊस आणि आकाश अशा चार सावकारांशी व्यवहार करावा लागतो. भाच्याने आकाश घातले आणि रात्रीचे आकडे जागेवर आले.

त्यातून जी गोष्ट कळली ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जाडी लाट मोडते, पण सरासरी मोडत नाही. छत कितीही जाड केले तरी दिवस-रात्रीची मिळून जी सरासरी उष्णता आहे ती शेवटी आत येतेच. सरासरी कमी करायची तर ऊन वरच्या वर परतवले पाहिजे आणि रात्री आकाशाला मोकळ्या हाताने दिले पाहिजे. पांढरा चुना दोन्ही कामे करतो. भर दुपारी निरभ्र आकाशातून एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट ऊन पडते. जुन्या करड्या स्लॅबमध्ये त्यातले सहाशे-साडेसहाशे शोषले जाते, स्वच्छ चुना लावलेल्या छतात अडीचशे-तीनशे. आणि रात्री चुना आकाशाला उष्णता देण्यात काही कसूर करत नाही. चुन्याच्या थराची जाडी कागदाएवढी, वजन जवळजवळ शून्य.

दुसरी गोष्ट क्रमाची. थर तेच असले आणि क्रम बदलला तर परिणाम बदलतो, हे मला कवितेवरून माहीत होते. छताचेही तसेच निघाले. उष्णता अडवणारा हलका थर स्लॅबच्या खाली लावला, आपण हौसेने खोटे छत करतो तसा, तर ऊन काही प्रमाणात अडते. पण वरचा स्लॅब तापत राहतो, फुगतो, आकसतो आणि त्याला भेगा पडतात. तोच थर स्लॅबच्या वर घातला तर ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. मग रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की स्लॅब थंडावा पिऊन घेतो आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्याला परत देतो. तोच स्लॅब शत्रूचा मित्र होतो. उष्णता अडवायला सर्वांत स्वस्त पदार्थ म्हणजे कोंडलेली हवा. काँक्रीटमधून जितकी उष्णता वाहते त्याच्या साठाव्या हिश्श्याइतकीच स्थिर हवेतून वाहते. मात्र ती लहान लहान कप्प्यांत कोंडलेली पाहिजे, मोकळी सोडली तर स्वतःच फिरून उष्णता वाहून नेते. काही ठिकाणी गच्चीवर मातीची मडकी उलटी मांडून वरून पातळ कोबा करतात, ते याचसाठी. पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवतात, तेही उन्हाला परतवण्यासाठी. पत्र्याखाली वितभर पोकळी सोडून बांबूच्या चटईचे दुसरे छत केले आणि ती पोकळी दोन्ही टोकांना वाऱ्याला खुली ठेवली, तरी पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही.

म्हणजे आपला पेच सुटणारा आहे. आपल्या मनात वजन आणि थंडावा यांची गाठ बसलेली होती. जाड ते थंड, भारी ते गार. हिशोब ही गाठ सोडवतो. थंडावा रंगात, क्रमात आणि कोंडलेल्या हवेत आहे. त्यासाठी डोक्यावर साडेचार टन माती घ्यावी लागत नाही.

आमच्या शेजारच्या तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छतांचे धोरणच जाहीर केले. सरकारी इमारतींना आणि मोठ्या बांधकामांना अशी छते सक्तीची केली. मांजरेच्या दोन्ही काठांना ऊन एकच आहे. आपल्याकडे घरकुले बांधली जातात तेव्हा छत गळणार नाही ना, पडणार नाही ना, एवढेच पाहिले जाते. ते योग्यच आहे. पण मे महिन्याच्या रात्री त्याखाली एखादी म्हातारी, एखादी बाळंतीण झोपू शकेल का, हा रकानाही त्या तक्त्यात असावा, असे मला वाटते. त्यासाठी काही कोटींची यंत्रसामग्री लागत नाही. एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सुट्टीचे आठ दिवस पुरतात.

संगणकाला सगळे कळते असेही मी म्हणणार नाही. रात्री खिडकी उघडी ठेवा, असे हिशोब सांगतो. ज्या घरात पुरुष परगावी कामाला गेले आहेत, तिथली बाई रात्री खिडकी उघडी ठेवील का, हे त्याला ठाऊक नाही. पांढरा चुना पावसाळ्यात धुपतो, शेवाळ धरतो, काळा पडतो, म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा लावावा लागतो. ते कोण करणार, हेही तो सांगत नाही. हिशोब रस्ता दाखवतो. बादली आणि कुंचला आपल्यालाच उचलावा लागतो.

आमच्या घरी तो उचलला गेला, पण उशिरा. अम्मी गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात. ती हिवाळ्यात गेली, वयाने गेली, छताला मी दोष देत नाही. पण स्लॅब टाकल्यापासूनचे तिचे सगळे उन्हाळे त्या खोलीत गेले, हे खरे. पहिल्यांदा गच्चीवर चुना लावला त्या दिवशी संध्याकाळी मी खोलीत स्टुलावर उभा राहिलो आणि छताला तळहात लावला. तो कोमट होता, नुसता कोमट.

मला आठवले, दर ईदच्या आधी आम्ही घराला चुना लावायचो. अम्मी स्वतः उभी राहून लावून घ्यायची. चारी भिंती, ओटा, अंगणाचा कठडा, सगळे पांढरेशुभ्र. चुना दर वर्षी थोडा उरायचा. तो आम्ही कोपऱ्यात ठेवून द्यायचो आणि पुढच्या ईदपर्यंत तो वाळून जायचा. जिना चढून तो वर न्यावा, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आले नाही.

यंदा तुमच्या घरी चुना उरला, तर वाळू देऊ नका.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)